कार, करंट आणि चार्ज: एका तक्त्याच्या नोंदी

५ जानेवारी २०२५

वाचनालयाच्या बैठकीत २७ फेब्रुवारीच्या प्रदर्शनाची वाटणी झाली. कविता, सुंदर हस्ताक्षर, म्हणी हे दरवर्षीचं ज्यांनी त्यांनी उचललं. माझ्या वाट्याला सहा बाय चारची मोकळी भिंत आणि दोन हजार रुपये.

माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. मागच्या महिन्यात एका गिऱ्हाइकानं बॅटरी ठेवताना विचारलं होतं, ‘‘करंट नाही म्हणता, चार्ज नाही म्हणता, नक्की नाही काय?’’ विजेतला फरक मी सांगितला. पण चार्ज हा शब्द आला कुठून, ते रात्री शोधायला बसलो आणि थेट दोन हजार वर्षांपूर्वीच्या फ्रान्समधल्या बैलगाड्यांत जाऊन पोचलो. भिंतीवर तेच मांडायचं ठरवलं: एका केल्टिक, म्हणजे आयरिश-वेल्शच्या घराण्यातल्या, शब्दाची वंशावळ. कुणाला असा तक्ता करायचा असेल तर माझ्या चुका तरी कामी येतील, म्हणून या नोंदी.

९ जानेवारी

मूळपुरुष सापडला: *कर्रोस, म्हणजे गाडी, माल वाहायची. शब्दाआधीचा तारा महत्त्वाचा. हा शब्द कुठल्या शिलालेखात कोरलेला नाही. आयरिश, वेल्श, ब्रेटन (फ्रान्सच्या ब्रिटनी भागातली) आणि गॉल, म्हणजे प्राचीन फ्रान्समधल्या केल्टिक लोकांची भाषा, यांतले शब्द समोरासमोर ठेवून विद्वानांनी मागं जात तो बांधलाय. एखादं रूप असं बांधलेलं असलं की त्याला तारा लावायचा, ही पद्धत. घरी दाखवलं तर मुलगी म्हणाली, ‘‘बाबा, जाहिरातीत तारा असतो तसं? अटी लागू?’’ साधारण तसंच.

१४ जानेवारी

संक्रांत. दुकान अर्धा दिवस. बसल्या बैठकीत अख्खं झाड काढलं. मधोमध *कर्रोस, आणि फांद्यांवर कार, कार्ट, कारपेंटर, कारवाँ, कार्टन, काडतूस, चर, रथ, करिअर, कुरिअर, चार्जर. बावीस शब्द. स्वतःवरच खूश. फोटो काढून संध्याकाळीच फ्लेक्सवाल्याला पाठवला. २४ चौरस फूट, १५ रुपयांनी ३६० रुपये.

या नोंदीतली सगळ्यात मोठी चूक ही. आधी तपासा, मग छापा. मी उलटं केलं.

१८ जानेवारी

फ्लेक्स आला. आधी छपाईचं रडगाणं. त्याच्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये युनिकोड मराठी चिकटवली की जोडाक्षरं फुटतात. ‘कर्रोस’चा रफार उडून ‘करोस’ झालेलं. तारे ऑपरेटरनं ‘चुकून पडलेत’ म्हणून स्वतःच पुसले होते. पोरगा कामसू, त्याला काय बोलणार.

शाळेत आम्हाला संस्कृत शिकवलेले सर निवृत्तीनंतर वाचनालयात रोज येतात. त्यांना फ्लेक्स दाखवला. त्यांनी खिशातून लाल पेन काढलं, तेव्हाच पोटात गोळा आला.

‘‘अरे, हे चर इथं कसं?’’

‘‘सर, चर म्हणजे चालणारा. कार पण चालते. आणि च, क...’’

‘‘च, क काय? तुझ्या कर्रोसच्या मागं आद्य इंडो-युरोपियनमधला, म्हणजे आपल्या आणि युरोपातल्या भाषांच्या सामाईक आजीतला, तालव्य क आहे, टाळूपाशी उच्चारायचा. तो संस्कृतात येताना श होतो. त्यांचं लॅटिन केन्तुम, वेल्श कान्त, आपलं शत. त्यांचा आयरिश कू म्हणजे कुत्रा, आपला श्वान. चर् निराळ्या क पासून आलाय. तो चक्राचा भाऊ. चक्र, चाक, इंग्रजीतलं व्हील ही त्याची माणसं.’’

आयर्लंडच्या जुन्या कथांमधला वीर कूखुलिन म्हणजे ‘कुलानचा कुत्रा’, हेही त्याच बैठकीत कळलं. त्याच्या नावातला कू आणि आपला श्वान एकाच घरचे.

मग एकेक गळायला लागला. कारवाँ फारसी. कार्टन आणि काडतूस दोन्ही कागदाच्या घरातले. काडतूस आपल्याकडे पोर्तुगीजांनी आणलं. कार्ट दिसायला सख्खा भाऊ, पण जर्मानिक, म्हणजे जर्मन-इंग्रजीच्या घरचा, स्कँडिनेव्हियातल्या नॉर्स लोकांकडून इंग्रजीत आलेला. रथ तर अजिबातच नाही, त्याचं पुढं येईल. कारपेंटरपाशी सर थांबले. ‘‘याचं मला ठाऊक नाही. तू बघ.’’

बघितलं. कारपेंटर केल्टिकच निघाला, पण दुसऱ्या शब्दातून. लॅटिन कार्पेन्तुम म्हणजे दोन चाकी गाडी, ती गॉल लोकांकडून घेतलेली. ती बनवणारा तो कार्पेन्तारिउस, पुढं नुसता सुतार. आयरिशमध्ये याच घरचा ‘कारपत’ आहे, कूखुलिन लढायला जातो तो रथ. त्यांच्याकडे ‘कार्र’ म्हणजे ओझ्याची गाडी आणि ‘कारपत’ म्हणजे लढाईचा रथ. मी दोघांना एका फांदीवर बसवलं होतं.

बावीसपैकी सात शब्द बाद. फ्लेक्सचा आता दुकानामागं पावसाळ्यात जुन्या बॅटऱ्या झाकायला उपयोग होईल. ३६० रुपये गेले.

१९ जानेवारी

नवा नियम केला, दुकानातल्या जॉबकार्डासारखा. प्रत्येक शब्दाचं एक कार्ड, त्यावर तीन रकाने: कुणाकडून आला, ध्वनी जुळतो का, अर्थ कसा सरकला. तिन्ही भरल्याशिवाय कार्ड भिंतीवर जाणार नाही. फ्लेक्स बंद. सॉफ्टबोर्ड, टाचण्या आणि लोकर. चुकलं तर उपटता येईल. कबूल करायला हवं, की ‘दिसायला सारखा’ हा रकाना मी मुद्दाम ठेवला नाही. दिसण्यावर गेलो आणि घोटाळा झाला.

२६ जानेवारी

झेंडावंदन करून आलो आणि सॉफ्टबोर्ड ठोकला. ६ × ४, प्लायच्या पाठीसकट १,४५० रुपये. बजेट इथंच बसलं.

आज केल्टिक फांदी. मध्ययुगीन आयरिशचा मोठा कोश आणि वेल्शचा विद्यापीठीय कोश दोन्ही इंटरनेटवर फुकट आहेत. वेल्श शब्द शोधताना एक त्रास: शब्दाचं पहिलं अक्षर आधीच्या शब्दामुळं बदलतं. ‘कार’चा ‘गार’ होतो, ‘खार’ही होतो. एक तास मी ‘गार’ शोधत बसलो होतो.

तीन कार्डं लागली. आयरिश ‘कार्र’, आधी मालाची गाडी, आता मोटारकार. वेल्श ‘कार’, त्यात चाकं नसलेली, डोंगरउतारावरून पेंढा ओढत न्यायची घसरगाडीसुद्धा धरतात, आता मोटारकार. ब्रेटन ‘कार्र’ म्हणजे गाडी, आणि ब्रेटन लोकांनी मोटारीला नाव दिलं ‘कार्र-तान’, म्हणजे विस्तवाची गाडी. हे वाचून हसू फुटलं. आपण रेल्वेला आगगाडी म्हणालो, ते मोटारीला म्हणाले.

आयरिश कार्डाला लाल लोकर बांधली होती, ती काढून तुटक बांधली. कारण काही अभ्यासक म्हणतात, जुन्या आयरिशमध्ये हा शब्द बाहेरून, लॅटिनकडून किंवा ब्रिटनकडून आला असावा. तुटक लोकर म्हणजे वाद चालू. बांधायची कशी? लोकरीवर दर दोन इंचांवर पांढरा रंग. बोटं रंगली, पण लांबून बरोब्बर दिसतं.

२ फेब्रुवारी

लॅटिन फांदी. ही सगळ्यात जाड, कारण आपल्यापर्यंत सगळं इथूनच आलंय.

रोमन लोकांना रस्ते बांधता येत होते; गाड्या मात्र त्यांनी गॉल लोकांच्या उचलल्या, नावांसकट. कार्रुस, कार्पेन्तुम, एस्सेदुम, राएदा, पेतोर्रितुम. शेवटच्या दोन्हींबद्दल पहिल्या शतकातल्या क्विन्तिलियन या शिक्षकानं लिहूनच ठेवलंय की हे गॉलचे शब्द. पेतोर्रितुम म्हणजे चार चाकांची. त्यातला ‘पेतोर’ आपल्या ‘चत्वार’चा भाऊ आणि ‘रित’ आपल्या रथाच्या नात्यातला. रथाला जागा मिळाली ती इथं. आयरिश ‘रोथ’ म्हणजे चाक, लॅटिन ‘रोता’ म्हणजे चाक, वेल्शमध्ये पळण्याला ‘रेदेग’. आपल्याकडे अख्ख्या वाहनाला रथ. ही वेगळ्या धातूची माणसं, म्हणून बोर्डाच्या कडेला निळ्या लोकरीनं वेगळी टांगली.

कार्रुस सगळ्यात ठसठशीत भेटतो तो रोमन सेनापती सीझरच्या लिखाणात. इ. स. पू. ५८. हेल्वेती नावाची जमात आताच्या स्वित्झर्लंडातून उठून पश्चिमेकडे निघाली. मिळतील तेवढ्या गाड्या आणि जनावरं विकत घेतली. माणशी तीन महिन्यांचं दळलेलं पीठ बरोबर. परत फिरायचा मोह नको म्हणून आपली १२ गावं आणि सुमारे ४०० वाड्या जाळल्या. जुरा डोंगर आणि ऱ्होन नदी यांच्यामधली वाट एवढी अरुंद, की एका वेळी जेमतेम एक गाडी जाईल. पुढं लढाईत याच गाड्या त्यांनी तटबंदीसारख्या आडव्या लावल्या आणि चाकांच्या मधून भाले फेकले. ‘कार्रुस’ हा शब्द सीझरच्या लेखणीतून असा ओझ्यानं, धुरानं भरून येतो. कार्डावर हे सगळं मावेना. तीनदा लिहिलं. शेवटी ‘गाव जाळून निघालेल्यांची गाडी’ एवढंच ठेवलं.

लॅटिनमधून खाली: इटालियन, स्पॅनिश, पोर्तुगीज ‘कार्रो’, फ्रेंच ‘शार’. उत्तर फ्रान्समधल्या बोलीत क चा श झाला नाही, तिथलं ‘कार’ नॉर्मन लोकांबरोबर इंग्रजीत गेलं. तिथं ते कित्येक शतकं बैलांच्या, घोड्यांच्या गाडीचं, मग रेल्वेच्या डब्याचं नाव होतं. १८९०च्या दशकात ‘मोटार-कार’ झालं. पुढं इंग्रजांनी मोटार गाळून कार ठेवली. आपल्याकडे मात्र म्हाताऱ्यांनी कार गाळून मोटार ठेवली. आजोबा शेवटपर्यंत मोटारच म्हणायचे. जर्मनीत ‘कार्रं’ म्हणजे हातगाडी, आणि फ्रान्समध्ये ‘शार’ म्हणजे रणगाडाही.

८ फेब्रुवारी

तक्त्यासमोर ठेवायला एक चाक हवं असं डोक्यात घेतलं. नुसत्या कागदाकडे पोरं बघत नाहीत.

केल्टिक गाड्यांची खासियत चाकावरची लोखंडी पट्टी. जर्मनीत श्टुटगार्टजवळ होखडोर्फला १९७८-७९ मध्ये एका सरदाराचं थडगं खणलं. त्यात चार चाकी गाडी निघाली, लोखंडाचे पत्रे मढवलेली, सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीची. पुढच्या शतकांत त्यांचे लोहार अखंड लोखंडी कडं तापवून चाकावर चढवायला लागले. आपल्याकडे त्याला धाव म्हणतात. गावात पूर्वी धाव बसवायचा दिवस म्हणजे जत्राच. गोवऱ्यांच्या आगीत कडं लाल करायचं, चाकावर टाकायचं, पाणी मारायचं. कडं आवळतं आणि पुठ्ठे (चाकाच्या कडेचे लाकडी तुकडे), आरे, तुंबा (मधला ठोकळा) सगळं घट्ट बसतं.

गावातल्या एका म्हाताऱ्या सुताराकडे अठरा इंचांचं जुनं चाक होतं. म्हणाले, ‘‘बसवू की, पण कडं तुम्ही आणा.’’ मी वेल्डिंगवाल्याकडून पट्टीचं कडं करून आणलं. घट्ट बसावं म्हणून परिघात पाऊण इंच कमी ठेवलं. तापवलं, लाल केलं, उचललं, बसेना. दोन माणसं घण घेऊन बसली. लाकूड जळायला लागलं, मग घाईनं पाणी. चाकाचा एक पुठ्ठा कोळसा झाला.

‘‘गाडीचं कडं आहे, बांगडी नाही,’’ सुतार म्हणाले. मग हिशेब घातला. लोखंड लाल होईपर्यंत तापवलं तरी एवढ्या परिघाला जेमतेम अर्धा इंच वाढतं. पाऊण इंच कमी ठेवलेलं कडं कसं चढणार? दुसरं कडं पाव इंचच कमी केलं. जळका पुठ्ठा त्यांनी बदलून दिला आणि दुसऱ्या दिवशी धाव बसली. पाणी पडलं तसं लाकडातून कर्र कर्र आवाज आला. दोन कडी, लाकूड, मजुरी मिळून १,१०० रुपये, सगळे माझे. दीड दिवस दुकान बंद.

धाव. चाकाची धाव आणि पळण्याची धाव. हे दोन्ही एकाच शब्दात ठेवणारी आपली भाषा, आणि मी तालव्य क च्या मागं. हे त्या दिवशी सुचलं आणि चार दिवसांनी कामाला आलं.

१२ फेब्रुवारी

आजची नोंद या सगळ्यात मोठी. बोर्ड अख्खा उपटला.

*कर्रोसच्याही वर काय, हे लिहायचं राहिलं होतं. धातूचा अर्थ ‘पळणे, धावणे’. आधीच्या रूपाचं पहिलं अक्षर तालव्य क, त्याच्या पोटात स्वर झालेला र, मग स. युरोपातले अभ्यासक त्यासाठी र खाली गोळा काढतात. आपल्याकडे अक्षर तयार आहे: *कृसोस. फक्त मराठीत आपण ऋ ला ‘रु’ म्हणतो, त्यामुळं वाचणारे ‘क्रुसोस’ म्हणणार. त्यांना थांबवायला बाजूला छोटी टीप लावली.

केल्टिकमध्ये या ऋ चा ‘अर’ झाला, म्हणून कर्रोस. लॅटिनमध्ये त्याच ऋ चा ‘उर’ झाला. आणि स दोन्हीकडे र मध्ये विरघळला. म्हणजे लॅटिनचं रूप काय व्हायला हवं? कुर्रुस. कोश उघडला तर कुर्रुस बसलेलाच: रोमन लोकांचा शर्यतीचा आणि विजयाच्या मिरवणुकीचा रथ! त्याच्या शेजारी क्रियापद ‘कुर्रेरे’, पळणे. आणि त्याच्या खाली, इंग्रजीतून आपल्याकडे आलेली मंडळी: कोर्स, कर्सर, करन्सी, कॉरिडॉर, कुरिअर. आणि करंट.

दुकानात एकटाच होतो, मोठ्यानं हसलो. करंट आणि चार्ज चुलत भाऊ! एक लॅटिनच्या स्वतःच्या घरातून सरळ आला. दुसरा गॉलच्या गाडीत बसून, बाहेरून लॅटिनमध्ये शिरून. आणि दोघं माझ्या काउंटरवर एका बॅटरीच्या दोन टोकांना. त्या गिऱ्हाइकाचा नंबर शोधला, सापडला नाही.

मी कुरिअरला आधी कर्रोसच्या फांदीवर बसवलं होतं, तोही चूकच होता. आता मूळपुरुष एक पिढी वर सरकला. सगळी कार्डं फूटभर खाली घ्यावी लागली. रात्री साडेअकरा. लोकर कमी पडली.

इंग्रजीतला ‘हॉर्स’ही काही जण याच ‘पळणे’ धातूला जोडतात. सगळ्यांना ते पटलेलं नाही. तुटक लोकर.

१६ फेब्रुवारी

चार्जची फांदी. कार्रुसवरून उत्तरकालीन लॅटिनमध्ये ‘कार्रिकारे’, गाडीत माल भरणे. फ्रेंच ‘शार्जे’, इंग्रजी चार्ज. गाडी भरणे, मग माणसावर ओझं, मग जबाबदारी, मग आरोप, मग दर. तोफ ठासणे हाही चार्जच. १७४५-४६च्या सुमाराला लायडनची बरणी निघाली, वीज साठवायची पहिली युक्ती. त्या विजेच्या वेडानं झपाटलेल्यांपैकी अमेरिकेतला बेंजामिन फ्रँकलिन. त्यानं अशा भांड्यांच्या रांगेला बॅटरी म्हटलं, हाही शब्द तोफांच्या रांगेचा. म्हणजे बॅटरी चार्ज करणे म्हणजे तोफांची रांग ठासणे. चाळीस वर्षं धंदा करतोय, हे आत्ता कळलं.

आपल्याकडची कार्डं: मोबाईलचा चार्जर, बँकेचे चार्जेस, पोलिसांची चार्जशीट, लाठीचार्ज, साहेबांनी ‘चार्ज घेतला’, दवाखान्यातून ‘डिस्चार्ज’. सगळी एका गाडीतून उतरलेली. स्पॅनिशमधून कार्गो. इटालियनमधून कॅरिकेचर, जास्त ओझं लादलेलं चित्र. मराठीत त्याला अर्कचित्र म्हणतात. त्यांनी चित्रावर ओझं घातलं, आपण चित्राचा अर्क काढला. मला आपलं जास्त आवडतं.

दुसरी फांदी ‘कॅरी’. कॅरी बॅग, सायकलचं कॅरिअर. तिसरी ‘कार्रारिया’, गाडीवाट. त्यावरून शर्यतीचा मार्ग, मग आयुष्याचा मार्ग, म्हणजे करिअर. इथं एक गंमत झाली. लोकर बांधताना मी सायकलचं कॅरिअर गाडीवाटेला आणि नोकरीचं करिअर कॅरीला बांधलं. दुकानातल्या पोरानं पकडलं. म्हणाला, ‘‘काका, मी सायकलच्या कॅरिअरवर बसून शाळेत गेलो, पण करिअर काय झालं नाही. दोन वेगळी असणार.’’ कार्डं बदलली. आजपासून तपासणी त्याच्याकडे.

२० फेब्रुवारी

सर येऊन बसले. बोर्डाकडे बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, ‘‘चार्ज घेतला, याला शुद्ध मराठीत काय म्हणशील?’’

‘‘पदभार स्वीकारला.’’

‘‘सरचार्ज?’’

‘‘अधिभार.’’

‘‘विज्ञानाच्या पुस्तकात इलेक्ट्रिक चार्जला?’’

‘‘विद्युतप्रभार.’’ आणि मीच पुढं म्हणालो, ‘‘इन्चार्ज म्हणजे प्रभारी. लोडशेडिंग म्हणजे भारनियमन.’’

इंग्रजी समोर ठेवून बेतलेले शब्द असतील बहुतेक. पण बेतणाऱ्यांनी निवडलेलं कापड बघा. गॉलच्या शेतकऱ्यानं गाडीत टाकलेलं ओझं आणि आपला भार, दोन्ही त्याच वाटेनं पदापर्यंत, कराच्या पावतीपर्यंत आणि विजेच्या तारेपर्यंत आले. भारमधला भृ हा धातू केल्टिकमध्येही आहे, आयरिश ‘बेर’ म्हणजे घेऊन जा. इंग्रजीत ‘बेअर’. त्यावरून बेअरिंग. माझ्याकडे अल्टरनेटरचं बेअरिंग रोज बदललं जातं. ते भाराचं सख्खं भावंडं आहे.

बोर्डाच्या उजव्या बाजूला भाराची वेगळी पट्टी केली, हिरवी लोकर. तिच्याखाली बैलगाडीचे अजून दोन पाहुणे: जू, जे लॅटिनमध्ये युगुम आणि वेल्शमध्ये ‘याइ’, आणि आस, पृथ्वीचा असतो तोच, जो वेल्शमध्ये ‘एखेल’. म्हणजे गाडीचं नाव वेगळं, पण जू आणि आस एका लाकडाचे.

२४ फेब्रुवारी

कार्डांची छपाई. फ्लेक्सवाल्यापेक्षा वाचनालयातला साधा प्रिंटर बरा निघाला. फाइल पीडीएफ करून नेली की अक्षरं फुटत नाहीत. जाड कागद, ४८ कार्डं, १९० रुपये. तारे मी शेवटी हातानं लाल शाईनं काढले, म्हणजे कुणी ‘चुकून पडलाय’ म्हणायला नको.

एक सल्ला: लोकर भिंतीवर ताणून बांधू नका. दोन दिवसांत टाचण्या वाकून कार्डं लोंबायला लागली. थोडी सैल ठेवली तर बरी दिसते आणि कार्डं जागेवर राहतात.

२७ फेब्रुवारी

गर्दी झाली. चाकाभोवती जास्त, हे अपेक्षित होतं. पोरांनी धाव बोटानं वाजवून बघितली. एका कॉलेजच्या मुलानं गूगलवर राएदा शोधून सांगितलं, ‘‘काका, हा आपला रेडाच असणार. गाडीला रेडा जुंपतात.’’ त्याला कार्डाचे तीन रकाने दाखवले. पहिल्याच रकान्यात अडकला, पण हिरमुसला नाही.

सगळ्यात जास्त माणसं थांबली ती करंट आणि चार्जच्या गाठीपाशी. एका वायरमननं फोटो काढला.

२८ फेब्रुवारी

हिशेब. फ्लेक्स ३६० (वाया). सॉफ्टबोर्ड १,४५०. चाक १,१००. लोकर, टाचण्या, रंग २४०. कार्डं १९०. एकूण ३,३४०, त्यातले दोन हजार वाचनालयाचे. बुडालेलं दुकान धरलं नाही.

बोर्ड आता माझ्या दुकानात, चार्जरच्या वर. लोक बॅटरी ठेवतात आणि मान वर करून वाचतात. आज दुपारी पलीकडच्या गावची एक आजी नातवाच्या ट्रॅक्टरची बॅटरी घेऊन आली. नातवानं तिला सगळं वाचून दाखवलं. तिनं ऐकलं, एकदा डावीकडे कारकडे बघितलं, एकदा उजवीकडे भाराकडे, आणि म्हणाली, ‘‘मंग आमचं कारभारी कुनीकडं लावलं?’’

मी नातवाला कोरं कार्ड दिलं आणि रकाने भरायला लावले. कारभारातला भार आपलाच, उजव्या पट्टीवर चालेल. पण त्यातला ‘कार’ म्हणजे काम, कृ धातूचा. कर्रोसशी त्याचं काही नातं नाही. आजीला ते फारसं पटलं नाही. कार्ड तिनं स्वतः लावलं, हिरव्या लोकरीनं उजवीकडे बांधून. डावीकडे जाणारा लोकरीचा तुकडा तिनं तोडू दिला नाही. तो तसाच लोंबतोय.